जुनं दोन टबांचं वॉशिंग मशीन घरीच ठीक करायचं तर, आणि तेही पावसाआधी

गोव्यात जून ते सप्टेंबर काढलेल्या माणसाला सांगायला नको, इथे मशीन धुण्यापेक्षा पिळायला जास्त लागतं. धुवायचं काय, हाताने पण होतं हो, पण हाताने पिळलेली चादर पडवीतल्या दोरीवर घातली की ती दिवसेंदिवस तशीच लोंबकळते आणि मग कुबट वास मारायला लागते, परत धुवा. म्हणून जुनं सेमी-ऑटोमॅटिक मशीन समोर आलं की मी आधी बाजूच्या लहान टबाकडे, म्हणजे ड्रायरकडे बघतो. धुण्याची बाजू थोडी कुरकुरत असली तरी चालवून घेता येते, ड्रायर गेला तर पावसात घर अडतं. (गरम हवेचे मोठे ड्रायर, आखातातून किंवा बोटीवरून आलेले, त्यांचं शेवटी सांगतो.)

काम मे महिन्यातच करा. एक तर उन्हात पार्ट वाळवता येतात, दुसरं म्हणजे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर पडदे, चादरी, उशांचे अभ्रे सगळं एकदम धुवायला निघतं आणि मशीनचा बंद पडायचा मुहूर्त नेमका तोच असतो. तेव्हा मेकॅनिक फोन उचलत नाही, उचलला तर "चवथ झाल्यावर बघूया".

व्हिडिओकॉन, बीपीएल, व्हर्लपूल, कुठलंही वीस-पंचवीस वर्षांचं दोन टबांचं मशीन घ्या, आत बघाल तर सामान जवळपास एकच. दोन मोटर, एक बेल्ट, एक कंडेन्सर (मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारी डबी), दोन टायमर, एक ब्रेक, थोडं रबर. सर्किट बोर्ड नाही, सेन्सर नाही. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तरी तिची मशीनं आजही फिरताहेत, कारण पार्ट कंपनीचाच पाहिजे असं नसतं, मापाचा पाहिजे. फोंडा, मापसा, मडगाव कुठेही मिक्सर-पंखे रिपेअर करणाऱ्यांकडे चौकशी करा आणि जुना पार्ट हातात घेऊन जा, फोनवर वर्णन करून काही होत नाही.

हात घालण्याआधी प्लग काढा. बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे, जुन्या घरांत कित्येकदा वायरिंग उलटं केलेलं असतं, बटण न्यूट्रलवर आणि फेज सरळ सॉकेटला, म्हणजे बटण बंद असलं तरी मशीनमध्ये करंट आहेच. प्लग काढल्यावर पण कंडेन्सरमध्ये चार्ज राहू शकतो. होल्डरला दोन वायरी लावलेला साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब घ्या, वायरींची टोकं कंडेन्सरच्या टोकांना काही सेकंद धरा, झालं. तीन वायरीचा कंडेन्सर असेल तर प्रत्येक जोडीला धरा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायची स्टाईल आहे काही लोकांची, त्याने कंडेन्सर पण खराब होतो आणि डोळ्यांना पण बरं नाही. आणि एकही वायर काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, दोन अँगलने, उजेडात. जुन्या वायरींचे रंग मळून सगळे एकसारखे तपकिरी दिसतात, म्हणून वायरीला चिकटपट्टी लावून नंबर पण घाला.

मागचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं झाकण उघडताना पहिली लढाई स्क्रूंशी. समुद्राच्या बाजूला, कांदोळी-कळंगुट सोडाच, पणजीत पण खारी हवा स्क्रू खाऊन टाकते. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर अंगाचा जोर देऊन दाबा आणि मग फिरवा. लहान मापाचा वापरलात की डोकं झिजतं आणि मग ड्रिल आणा, हे करा, ते करा. परत लावताना स्टेनलेस स्टीलचे लावा, पुढच्या वेळी आशीर्वाद द्याल.

आत काय सापडेल सांगता येत नाही. कोळ्याची जाळी, धाग्यांचे गोळे, उंदराचं घरटं, वाळलेली पाल. उंदराने वायर कुरतडली असेल तर नुसती टेप गुंडाळू नका, तेवढा तुकडा बदला, तिथे पाणी उडतं. कोरड्या ब्रशने सगळं झाडून घ्या आणि मग टॉर्च मारून नीट बघा, कुठे पाण्याचे ओघळ दिसतात, कुठे गंजाचा लाल पट्टा, कुठे बेल्टची काळी पावडर पडलीय. अर्धं निदान इथेच होतं, मल्टीमीटर नंतर.

आता धुण्याची बाजू. मशीन चालू केल्यावर हूंऽऽ असा आवाज येतो आणि खालचा पंखा, म्हणजे पल्सेटर, फिरत नाही, ही सगळ्यात कॉमन तक्रार. प्लग काढून खालची मोठी पुली हाताने फिरवा. सहज फिरत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलाय. त्याच्यावर छापलेलं असतं, किती एमएफडी (मायक्रोफॅरड, कंडेन्सरचं माप) आणि किती व्होल्ट. एमएफडी तेवढेच घ्यायचे, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. तीन वायरी असतील तर एकाच डबीत दोन कंडेन्सर आहेत, एक धुण्याच्या मोटरचा, एक ड्रायरचा, तिथे कुठली वायर कुठे ते फोटो बघूनच लावा. फुगलेला, तेल सुटलेला किंवा जळका वास मारणारा असेल तर मीटर लावायची पण गरज नाही, बदला.

पुली हाताने फिरतच नसेल तर मोटर नको, वर बघा, पल्सेटर अडकलाय. हे काम जरा निवांत करायचं. मधली टोपी नखाने किंवा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटा, खाली स्टीलचा स्क्रू दिसेल, तो काढा. आता पल्सेटर वर ओढला की यायला पाहिजे, पण इतक्या वर्षांनी तो येत नाही. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने एका बाजूने उचकटू नका, प्लास्टिक फुटतं आणि तेच माप परत मिळवणं म्हणजे डोक्याला ताप. नायलॉनच्या दोन दोऱ्या समोरासमोरच्या पात्यांखालून घाला, मध्यभागी कोमट पाणी ओतून थोडा वेळ जाऊ द्या, आणि दोन्ही हातांनी दोऱ्या सरळ वर, थोडं डावीकडे थोडं उजवीकडे हलवत ओढा. सुटताना टक् असा आवाज येतो. खाली जे निघतं ते बघण्यासारखं असतं, शर्टाची बटणं, हेअरपिना, ब्राची तार, जुन्या एक रुपयाच्या नाण्यावर साबणाचा थर चढून त्याचं पांढरं बिस्किट झालेलं. सगळं खरवडून काढा. मधल्या दांड्याला हाताने फिरवून आणि बाजूला हलवून बघा, बाजूला ढिला लागला तर बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती नळी, झिजलाय आणि तिथूनच पाणी खाली गळतंय. तिथलं पाण्याचं सील स्वस्त असतं पण ते तसंच ठेवलं तर पाणी गिअरबॉक्सवर आणि मग मोटरवर जातं, तिथे खर्च वाढतो. परत बसवताना दांड्याच्या दात्यांना बोटभर ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी दोऱ्यांची कसरत नको.

पल्सेटर एकाच बाजूला फिरतो, उलटा फिरत नाही, असं झालं तर टायमरचा कॉन्टॅक्ट किंवा मोटरची एक वायर. ही मोटर दोन्ही बाजूंना फिरायची असते म्हणून तिची दोन्ही वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळ्या, सारखी असतात. मल्टीमीटर ओहमवर ठेवा, मोटरच्या तीन वायरी सोडवून घ्या, कॉमनपासून दोन्ही टोकांचं रीडिंग सारखं आलं पाहिजे आणि टोक ते टोक त्याच्या दुप्पट. असं आलं तर मोटर चांगली आहे, उगाच कोण "मोटर गेली" म्हणाला तर त्याला हे आकडे दाखवा.

बेल्टचं काय, भरलेल्या टबात पंखा रेंगाळतो, जळक्या रबराचा वास येतो, तर बेल्ट. नंबर बेल्टवरच छापलेला असतो, पुसला गेला असेल तर बेल्टच घेऊन दुकानात. नवीन चढवून मधोमध अंगठ्याने दाबा, सेंटिमीटरभर आत गेला की ठीक. ढिला वाटला तर मोटरचे बोल्ट लांबट भोकांत असतात, ते सैल करून मोटर सरकवा. फार ताणू नका, बुश खातो.

आता ड्रायर, आणि इथे घाई नको.

ड्रायरला बेल्ट नसतो. टबाचा दांडा कपलिंगने, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या तुकड्याने, सरळ मोटरच्या दांड्यावर बसतो, म्हणून मोटर जितकी फिरते तितकाच टब, मिनिटाला तेराशे-चौदाशे फेरे. एवढ्या वेगाच्या टबात हात जाऊ नये म्हणून ब्रेक आहे, आणि ड्रायरच्या तक्रारींत आधी बघायचा तो हा ब्रेकच, पण बघतो कोण, सगळे मोटरच्या मागे लागतात. झाकण बंद केलं की त्याची पट्टी एक वायर वर ओढते आणि ब्रेक शू (घासून थांबवणारा तुकडा) दांड्यावरच्या गोल ड्रमपासून सुटतो, झाकण उघडलं की वायर ढिली पडते आणि स्प्रिंगच्या जोराने शू ड्रमला चिकटतो. ही वायर गंजते, लांबते, कधी तुटते. मग झाकण बंद असलं तरी ब्रेक लागलेलाच, मोटर हूं करते, गरम होते, आणि असंच चार वेळा चालवलं तर खरोखर जळते. म्हणजे शंभराच्या आतल्या वायरीपायी मोटर जाते.

तपासायचं सोपं आहे. प्लग काढलेला, मागचं झाकण उघडं. वरचं झाकण बंद करून खालून ड्रम हाताने फिरवा, मोकळा फिरला पाहिजे. झाकण उघडून फिरवा, घट्ट पाहिजे. बंद असताना घासत असेल तर वायर ताणा, ब्रेकच्या दांडीला दोन-तीन भोकं असतात, पुढच्या भोकात अडकवा, नाहीतर गाठ थोडी आखूड करा. उघडल्यावर पण टब गरगर फिरतच राहत असेल तर शू झिजलाय, नवीन घाला. ब्रेकला तेल लावायचं नाही, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो.

त्याच पट्टीने एक छोटा स्विच दाबला जातो. कॉन्टॅक्ट काळे पडले की झाकण बंद असून पण ड्रायर गप्प. बारीक पॉलिश पेपरने घासा, पत्ती वाकली असेल तर हलकी सरळ करा. तो स्विच काढून वायरी डायरेक्ट जोडून देणारे मेकॅनिक आहेत, "आता कधी त्रास नाही" म्हणतात. करू देऊ नका. घरात पोरं असतात, ओला टॉवेल बाहेर ओढायला हात घालतात.

ड्रायरचा दुसरा रोग म्हणजे बेलो, टबाखालचं घड्यांचं रबर, जे पाणी मोटरवर पडू देत नाही. ते फाटलं की प्रत्येक धुण्याला मोटरवर थेंब थेंब पाणी, आधी किरकिर आवाज, मग गंज, मग ट्रिप. ड्रायरच्या टबात दोन तांबे पाणी ओता आणि खालून टॉर्च मारा, थेंब दिसला की समजलं. बदलायला कपलिंगचे बोल्ट आणि त्यांचे लॉक नट सोडवा, गंजलेले असतात, स्प्रे मारून रात्रभर ठेवा. टब वर उचलून काढा, जुनं रबर काढा. आता महत्त्वाचं, टबाच्या दांड्यावर जिथे रबराची कड घासते तिथे बोट फिरवून बघा, खरखरीत लागेल. ते बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून काचेसारखं गुळगुळीत करा. हे न करता नवीन बेलो घातला की गंजाचे कण त्याला पण कापतात आणि पुढच्या पावसात परत तेच, आणि लोक म्हणतात हल्लीचे पार्ट टिकत नाहीत. कडेला किंचित सिलिकॉन ग्रीस, टब खाली, दांड्याच्या सपाट बाजूवर बोल्ट आवळा, मग लॉक नट.

ड्रायर थडाथडा हलतो तेव्हा आधी कपडे नीट सगळीकडे पसरून बघा, एकटी जीन्स एका बाजूला बसली की कुठलंही मशीन नाचतं. तरीही हलला तर मोटरखाली तीन स्प्रिंगा किंवा रबरी पाय असतात, एक तुटलेला सापडेल. तिन्ही एकदम बदला.

ड्रायरच्या मोटरची वाइंडिंग धुण्याच्या मोटरसारखी समान नसतात, एक मेन, एक सहाय्यक, म्हणून तीन रीडिंग वेगवेगळी येतात, सगळ्यात मोठं रीडिंग इतर दोघांच्या बेरजेएवढं असलं की झालं. वायर ते बॉडी मात्र काहीच रीडिंग येता कामा नये. आलं तर मोटरमध्ये ओल आहे किंवा इन्सुलेशन गेलंय. ओलच असेल तर मे महिन्याच्या उन्हात ठेवा, संध्याकाळी परत मोजा. खरीच जळली असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, जुन्या मोटरींत तांब्याची वाइंडिंग असायची, रिवाइंडिंगवाल्याकडे न्या आणि तांब्याचीच तार घाल म्हणून आधीच सांगा, नाहीतर ॲल्युमिनियम भरून देतात.

तेल म्हणाल तर शिवणमशीनचं तेल, मोटरच्या दोन्ही बुशांना दोन-तीन थेंब, बस. खोबरेल अजिबात नको, हाताशी असतं म्हणून लोक घालतात, पण ते थंडीत गोठतं आणि मग चिकट होऊन धूळ धरतं.

पाणी जात नाही किंवा भरतानाच पाइपातून निघून जातं, तर दोन टबांमधला ड्रेन व्हॉल्व उघडा. आत स्प्रिंग आणि रबराची बुटकी टोपी असते, तिच्याखाली धागा किंवा केस अडकलेला असतो. धुऊन बसवा, रबर कडक झालं असेल तर बदला. पाच मिनिटांचं काम.

टायमर आतून उघडायच्या भानगडीत पडू नका, चावीवाल्या घड्याळासारखं असतं आत, स्प्रिंग उडाली की गेली. बदलायचा झाला तर वायरींची संख्या आणि दांड्याचा आकार जुळवा. आणि मिनिटं कमी करायला बटण उलटं फिरवायची सवय घरातल्या सगळ्यांची मोडा. मुंग्यांचा पण त्रास असतो, कॉन्टॅक्टमध्ये चिरडून थर बसतो आणि करंट जात नाही, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बघा, काही वेळा तेवढ्यानेच चालू होतो.

विहिरीचं पाणी असेल तर लोहाचा लाल थर टबावर आणि पांढऱ्या शर्टांवर पण दिसेल. ब्लीच टाकू नका, लोहाचा डाग त्याने उलट पक्का होतो. लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, शंभर ग्रॅम कोमट पाण्यात, टब भरून तासभर ठेवा, मधे मधे फिरवा, सोडा, दोनदा साध्या पाण्याने धुवा. ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीच नाही, विषारी वायू सुटतो. धुणं झाल्यावर दोन्ही झाकणं उघडी ठेवा, कपाटासारखं बंद करून वर कपड्यांचा ढीग ठेवू नका.

पत्र्याच्या बॉडीचा गंज खालच्या कडेपासून चढतो. पॉलिश पेपर, रेड ऑक्साईड, मग इनॅमल पेंट, आतून पण. मशीन न्हाणीच्या ओल्या जमिनीवर नको, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) दोन तुकड्यांवर किंवा प्लास्टिकच्या स्टँडवर, आणि खालच्या उघड्या भागाला बारीक जाळी म्हणजे उंदीर नाही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता राहतो, त्यात पाणी घालत जा. बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) नसेल तर मशीनच्या रिपेअरआधी तो बसवा. अंगाला झिणझिण्या येतात म्हणून चप्पल घालून कपडे धुणारी घरं मी बघितलीयत, तो उपाय नव्हे.

राहिले बोटीवरून, परदेशातून आलेले प्रकार. अमेरिकेतलं मशीन ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं, आपल्याकडे २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ नाही, म्हणून मोटर सुमारे सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त गरम होते, मोटरवर चालणारा टायमर असेल तर तो पण मागे पडतो. हौसेला ठेवा, रोजच्या धुण्याला नको. आखातातलं २२० ते २४० चं, ५० हर्ट्झचं असेल तर प्रश्न नाही, मागची पाटी वाचा.

गरम हवेच्या ड्रायरला हीटर असतो, दोन हजार वॅटच्या वर ओढतो, त्याला १६ ॲम्पिअरचा वेगळा पॉइंट पाहिजे, एक्स्टेन्शन बोर्डवर लावाल तर बोर्ड वितळेल. ड्रम फिरतो पण गरम होत नाही, तर थर्मल फ्यूज (जास्त तापलं की उडणारा) बघा, पण फ्यूज गेला म्हणजे हवा कुठेतरी अडलीय, तो नुसता बदलून उपयोग नाही आणि वायरने जोडून तर मुळीच नाही. जाळीवरचे धागे प्रत्येक वापरानंतर काढा, मागचा पाइप वर्षातून एकदा सोडवून आतून झाडा, ड्रमच्या खालचा भाग पण उघडून साफ करा, हे सुके धागे पेटायला वेळ लागत नाही. तेलकट फडकी, गॅरेजचे कपडे त्यात घालू नका आणि चालू ठेवून बाजाराला जाऊ नका. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला धागे अडकतील अशी बारीक जाळी नको, हवेने उघडणारी झडप लावा, नाहीतर पाली आत घर करतात.